कमी पैशांत घरी ड्रम रेकॉर्ड करताना कॉम्प्रेसर कसा वापरायचा

अहिराणी गाणी आता घराघरांत तयार होतात. अमळनेर, शिरपूर, शहादा, चाळीसगाव, कुठंही गेलात तरी वरच्या मजल्यावरच्या एखाद्या खोलीत संगणक, दोन स्पीकर आणि एक माइक मांडून बसलेली पोरं भेटतात. गळा चांगला उतरतो, कीबोर्ड उतरतो, बासरीही उतरते. घोडं अडतं ते ड्रमपाशी. मग बहुतेक जण ऑक्टापॅड (काठीनं वाजवायचं इलेक्ट्रॉनिक पॅड) किंवा तयार लूप लावून मोकळे होतात. पण खरा ड्रमसेट वाजवायचा आणि तो घरीच, हाताशी असलेल्या पैशांत रेकॉर्ड करायचा असा ज्यांचा हट्ट आहे, त्यांच्यासाठी हे लिहितोय. हा हट्ट मला मनापासून आवडतो.

त्यांचा पहिला प्रश्न बहुधा ठरलेला असतो: "भाऊ, कॉम्प्रेसर कोणता लावू?" आपला ड्रम पातळ वाटतो, लांब कुठंतरी वाजल्यासारखा वाटतो, आणि मोठ्या गाण्यांतला ड्रम छातीवर येतो. या दोहोंमधला फरक कॉम्प्रेसरचा आहे, अशी समजूत असते. ती अर्धीच खरी आहे. माइकनं जे जे ऐकलं ते सगळं कॉम्प्रेसर वर आणतो. त्यात स्नेअर (खाली तारा लावलेला ड्रम) असते, तसा खोलीचा पडसादही असतो, झांजांचा पसारा असतो आणि शेजारच्या खोलीतला कूलरही असतो. चांगल्या खोलीत वाजलेला ड्रम त्यानं भरदार होतो. उघड्या भिंतींच्या खोलीत वाजलेला ड्रम त्यानं आणखी लांब जातो. म्हणून कोणता लावायचा यापेक्षा तो नेमकं काय करतो हे आधी समजून घेऊ.

तो करतो काय

व्हॉल्यूमच्या बटणावर हात ठेवून बसलेला एक माणूस डोळ्यांसमोर आणा. त्याला सांगून ठेवलंय की आवाज अमुक पातळीच्या वर गेला की बटण खाली कर, आणि आवाज उतरला की परत जागेवर आण. ती पातळी म्हणजे थ्रेशोल्ड. बटण किती खाली करायचं ते सांगतो रेशो. हात खाली यायला किती वेळ घ्यायचा तो अटॅक, आणि हात परत वर न्यायला किती वेळ घ्यायचा तो रिलीज. दाबादाबीत एकूण आवाज कमी होतो, तो भरून काढायला शेवटी मेक-अप गेन. नावं काहीही असोत, किंमत काहीही असो, प्रत्येक कॉम्प्रेसर आतून एवढंच काम करतो.

आता आकड्यांत बघू. आवाज डीबीत, म्हणजे डेसिबलमध्ये, मोजतात. संगणकात त्याची वरची मर्यादा ० डीबी असते आणि बाकी सगळं तिच्याखाली उण्यात मोजतात. समजा थ्रेशोल्ड उणे २० वर आहे आणि रेशो ४:१. स्नेअरचा जोरकस फटका उणे ८ वर आला, म्हणजे थ्रेशोल्डच्या १२ डीबी वर. त्या १२ ला ४ नं भागा, उरले ३. फटका बाहेर पडेल उणे १७ वर. म्हणजे ९ डीबी दाबला गेला. त्याच वाजवण्यातला हलका फटका उणे २६ वर आहे. तो थ्रेशोल्डच्या खालीच असल्यामुळे त्याला कुणी हात लावत नाही. आधी या दोन फटक्यांत १८ डीबीचं अंतर होतं, आता ९ उरलं.

मग मेक-अप गेननं ९ डीबी वर उचला. जोरकस फटका पुन्हा उणे ८ वर, हलका फटका उणे १७ वर. कानाला वाटतं की ड्रमर एकसारख्या जोरानं वाजवतोय, सगळं जवळ आलं. इथपर्यंत आनंदच आहे. पण माइकमध्ये कूलरची घरघर उणे ५० वर होती, ती आता उणे ४१ वर आली. स्लॅबवरून परतणारा पडसादही तेवढाच वर आला. हाय-हॅटचा (पायानं उघडमीट होणाऱ्या झांजांच्या जोडीचा) जो आवाज स्नेअरच्या माइकमध्ये शिरला होता, तोही. मेक-अप गेनला स्नेअर आणि कूलर यांतला फरक कळत नाही. घरच्या रेकॉर्डिंगमधल्या बहुतेक तक्रारींचं मूळ या एका हिशोबात आहे, त्यामुळे तो वहीत मांडून एकदा स्वतः करून बघा.

एका फटक्याच्या आत

वरचा हिशोब स्थिर आवाजाचा झाला. ड्रमचा फटका स्थिर नसतो, तो येतो आणि जातो. म्हणून ड्रमला रेशोपेक्षा अटॅक आणि रिलीज जास्त महत्त्वाचे, आणि खरी गंमत तिथंच आहे.

स्नेअरचा एकच फटका संगणकाच्या पडद्यावर मोठा करून बघा. सुरुवातीच्या दोन-चार मिलिसेकंदांत एक उंच टोक दिसेल. काठी कातड्यावर आदळली त्याचा हा आवाज. त्यानंतर साधारण १०० ते २०० मिलिसेकंद ड्रमचं अंग दिसतं: शेलचा, म्हणजे ड्रमच्या कवचाचा सूर, खालच्या तारांची सळसळ. त्याच्यामागे हळूहळू बारीक होत जाणारं शेपूट असतं, त्यात बहुतांशी खोली असते.

अटॅक १ मिलिसेकंदावर ठेवला तर कॉम्प्रेसर त्या टोकावरच झडप घालतो. फटका बोथट होतो, गाण्यात मागे सरकतो. आपल्याकडचा वाजवणारा लगेच म्हणेल, "आवाज दबी गया ना भाऊ!" आणि त्याचं बरोबर असतं. आता बाकी काहीही न हलवता अटॅक २० ते ३० मिलिसेकंदांवर न्या. हात खाली येईपर्यंत टोक निसटून गेलेलं असतं, दाबलं जातं ते त्याच्यामागचं अंग. टोक आणि अंग यांतलं अंतर वाढतं, आणि फटका आधीपेक्षा धारदार ऐकू येतो. तोच कॉम्प्रेसर, तोच रेशो, तोच थ्रेशोल्ड. एका बटणानं फटका बोथट झाला आणि त्याच बटणानं टोकदार झाला. हे कानानं एकदा पकडलं की अर्धा कॉम्प्रेसर आला.

रिलीजचा संबंध लयीशी आहे. ६०,००० ला गाण्याच्या बीपीएमनं (एका मिनिटातल्या मात्रांनी) भागलं की एका मात्रेचे मिलिसेकंद मिळतात. १०० च्या लयीत एक मात्रा ६०० मिलिसेकंदांची, तिचा पाव भाग १५० चा. स्नेअर दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर असेल तर दोन फटक्यांत १,२०० मिलिसेकंद मिळतात, हात परत जागेवर जायला भरपूर वेळ आहे. पण ड्रमर मधे मधे हलके फटके पेरत असेल, आणि चांगला ड्रमर पेरतोच, तर मोठ्या फटक्यानंतर १५० मिलिसेकंदांनी येणारा हलका फटका लांब रिलीजमध्ये सापडतो आणि उगाच दाबला जातो. ४०० चा रिलीज ठेवला तर ते बारकावे गेलेच म्हणून समजा. उलट रिलीज ४०-५० इतका आखूड ठेवला तर हात झटकन वर जातो आणि फटक्यामागचं शेपूट, म्हणजे खोली, उसळून वर येते. भारीतल्या स्टुडिओत ही उसळी मुद्दाम आणतात, कारण त्यांची खोली ऐकण्यासारखी असते. दहा बाय बाराच्या रिकाम्या खोलीत ती आणू नये. १०० च्या आसपासच्या लयीला स्नेअरसाठी १२० ते १८० पासून सुरुवात करून कानानं ठरवावं.

ही बटणं लावायची एक पद्धत मला सगळ्यांत भरवशाची वाटते. आधी मुद्दाम अती करा. रेशो १० वर, थ्रेशोल्ड इतका खाली की गेन रिडक्शनचं, म्हणजे आवाज किती दाबला जातोय ते दाखवणारं मीटर १५ डीबीपर्यंत जाईल. ऐकायला वाईट लागेल, लागू द्या. आता अटॅक ५० वरून हळूहळू खाली आणा. टोक मऊ पडायला लागेल ती जागा लक्षात ठेवा आणि तिथून थोडं मागे या. मग रिलीज फिरवा, मीटर गाण्याच्या लयीत खाली-वर होईपर्यंत. पुढच्या मोठ्या फटक्याच्या आधी ते शून्यावर पोचलं पाहिजे. या दोन्ही जागा सापडल्या की रेशो ४ वर आणा आणि थ्रेशोल्ड वर चढवा, मोठ्या फटक्याला ४ ते ६ डीबी दाब दिसेपर्यंत. अती केल्यामुळे कानाला फरक स्वच्छ कळतो. सुरुवातीलाच २ डीबीच्या दाबात अटॅक शोधायला गेलात तर काहीच ऐकू येणार नाही आणि बटणं नुसती फिरत राहतील.

एक सावधगिरी. संगणकातले कॉम्प्रेसर म्हणजे प्लगइनं, रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये जोडायचे छोटे प्रोग्रॅम. एका प्लगइनमधले १० मिलिसेकंद दुसऱ्या प्लगइनमध्ये १० नसतात, कारण अटॅक कुठून कुठपर्यंत मोजायचा हे प्रत्येक बनवणारा आपलं आपण ठरवतो. कुणाची सेटिंग उतरवून घेताना प्लगइनही तेच असेल तरच आकडे कामाचे.

किकला, म्हणजे पायानं वाजवायच्या मोठ्या ड्रमला, वेगळा नियम लागतो. ६० हर्ट्झच्या आवाजाचं एक आवर्तन जवळपास १७ मिलिसेकंदांचं असतं. अटॅक आणि रिलीज दोन्ही त्याहून आखूड ठेवले तर कॉम्प्रेसर फटक्याऐवजी लाटेच्या प्रत्येक चढउताराच्या मागे धावतो, लाटेचा आकार बिघडतो आणि किकमध्ये खरखर येते. किकला अटॅक २० ते ३० आणि रिलीज १०० च्या पुढे, एवढं पाळलं तरी भागतं.

खोली आणि कापसाच्या गाद्या

खोलीवर खर्च करायचं म्हटलं की पोरांचा चेहरा पडतो, पण मी इथं जरा जास्त वेळ घेणार आहे. कॉम्प्रेसरच्या बटणांतून जे मिळत नाही ते इथं मिळतं.

आपल्याकडची नवी बांधकामं म्हणजे विटांच्या गुळगुळीत भिंती, खाली फरशी, वर आरसीसीचा स्लॅब. आवाज शोषून घेणारं काहीच नाही. खोलीच्या मध्यावर उभं राहून जोरात टाळी वाजवा. समोरासमोरच्या भिंतींतून 'टर्रर्र' असा भरभर परतणारा आवाज आला तर तोच आवाज स्नेअरच्या प्रत्येक फटक्यामागे आहे असं समजा. कॉम्प्रेसर लावला की तो ९ डीबीनं वर येणार, हा हिशोब आपण केलाच आहे.

आणखी एक गोष्ट मोजून बघण्यासारखी आहे. स्लॅब १० फुटांवर, ओव्हरहेड माइक (ड्रमसेटच्या वर लावलेला) जमिनीपासून ७ फुटांवर, स्नेअर २ फुटांवर. स्नेअरचा आवाज माइकपर्यंत सरळ ५ फूट जातो. तोच आवाज स्लॅबला लागून ११ फूट फिरून येतो. सहा फुटांचा फेरा, म्हणजे ५ मिलिसेकंदांहून थोडा जास्त उशीर. या उशिरामुळे ९४, २८१, ४६९ अशा हर्ट्झच्या आसपास दोन्ही आवाज एकमेकांना खातात आणि ड्रम पोकळ लागतो. जो आवाज माइकमध्येच खाल्ला गेला तो नंतर कुठल्याही प्लगइननं परत येत नाही. खोलीची लांबी-रुंदीही १० फूट असेल तर आणखी एक भर पडते: १० फुटांच्या अंतरात साधारण ५६ हर्ट्झचा आवाज घुमत राहतो, आणि किकचा सूर नेमका त्याच पट्ट्यात असतो. दोन्ही दिशांना एकच माप असलं की हे घुमणं दुप्पट जाणवतं. निवड असेल तर चौरस खोलीपेक्षा लांबट खोली घ्या.

उपाय आपल्या घरातच आहे. खानदेश कापसाचा मुलूख, चार-पाच इंच जाडीच्या कापसाच्या गाद्या घरोघरी असतात. भरगच्च कापूस आवाज फार छान शोषतो. खाट भिंतीला टेकवून उभी करायची, तिच्यावर गादी टाकायची आणि गादी व भिंत यांच्यामध्ये चार-सहा इंचांची पोकळी राहू द्यायची. त्या पोकळीमुळे गादी आणखी खालच्या सुरांपर्यंत काम करते. ड्रमच्या मागे एक, दोन्ही बाजूंना एकेक, कोपऱ्यात गुंडाळलेल्या गाद्या उभ्या, ड्रमखाली सतरंजी आणि तिच्यावर गोधडी. ओव्हरहेड माइकच्या वर, स्लॅबच्या बाजूला, एक गादी आडवी मजबूत बांधता आली तर वरचा सहा फुटांचा फेराच तुटतो. ती ड्रमरच्या डोक्यावर असणार, तेव्हा दोर दोनदा तपासा. अंड्यांचे ट्रे आणि थर्माकोल लावण्यात वेळ घालवू नका; ते हलके असतात आणि ड्रमच्या आवाजापुढे त्यांचा उपयोग जवळजवळ शून्य.

मग घरघर. मे महिन्यात जळगाव-भुसावळला पारा ४४-४५ ला टेकतो, कूलरशिवाय बसवत नाही हे खरंय. तरी टेक चालू असताना कूलर आणि पंखा बंदच हवेत. पहाटेची वेळ धरा, तेव्हा खोली सोसवते. खिडकी बंद करून वाजवायचं तर शेजाऱ्यांना आधी सांगून ठेवा, ड्रमचा आवाज भिंतीत मावत नाही. विजेची ५० हर्ट्झची गूंज येत असेल तर लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. गूंज गेली तर दोष अर्थिंगचा आहे, वायरमनला बोलवा आणि तीन पिनचं खरं अर्थिंग करून घ्या. जुन्या घरांत तिसरी पिन नुसती नावाला असते.

रेकॉर्ड करताना की नंतर?

माझं स्पष्ट म्हणणं: रेकॉर्ड करताना कॉम्प्रेसर नको.

पूर्वी तो लावत, त्याला कारण होतं. टेपला स्वतःची सळसळ होती. हलके आवाज त्या सळसळीत बुडू नयेत आणि मोठे आवाज टेपला फाटू नयेत म्हणून टेपवर जाण्याआधीच दोन्ही जवळ आणावे लागत. बिल पुटनम यांनी १९६७ मध्ये आणलेला ११७६ हा कॉम्प्रेसर आजही ड्रमवर वापरतात. त्याचा अटॅक २० ते ८०० मायक्रोसेकंद, म्हणजे सगळ्यांत सावकाश ठेवला तरी एका मिलिसेकंदाच्या आत. त्याची नक्कल करणारी फुकट प्लगइनं मिळतात. लावाल तेव्हा हा वेग ध्यानात असू द्या.

आता आपण २४ बिटवर रेकॉर्ड करतो. एका बिटमागे ६ डीबी धरले तर कागदावर १४४ डीबीचा पल्ला मिळतो. प्रत्यक्षात इलेक्ट्रॉनिक्समुळे तो कमी भरतो, तरी घरच्या ड्रमला पुरून उरतो. त्यामुळे गेन (माइकचा आवाज किती वाढवून आत घ्यायचा ते बटण) खाली ठेवून निर्धास्त रेकॉर्ड करता येतं. तालमीत सगळ्यांत जोरात वाजवायला सांगा आणि मोठ्यात मोठा फटका उणे १२ ते उणे १० दरम्यान येईल असा गेन ठेवा. लाल दिवा लागल्यावर माणूस तालमीपेक्षा जोरात वाजवतो, त्याची जागा राहते.

इथं एक गैरसमज फार पसरलेला आहे. रेकॉर्डिंग सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकवर कॉम्प्रेसर टाकला म्हणजे फटका फाटणार नाही, असं वाटतं. पण माइक आणि संगणक यांच्या मधल्या डब्यात, म्हणजे इंटरफेसमध्ये, आवाजाचे आकडे होतात तिथंच तो फाटतो. प्लगइन त्याच्या नंतर येतं. वर सपाट कापली गेलेली लाट प्लगइनच्या हाती पडते, ती ते आणखी नीटपणे सपाट दाखवतं, एवढंच. फाटण्यावर उपाय तीनच: गेन कमी करा, माइक लांब करा, नाहीतर इंटरफेसवर पॅडचं (आत येणारा आवाज कमी करणारं) बटण असेल तर दाबा.

जुन्या बाजारातून हार्डवेअर कॉम्प्रेसर घ्यायचा मोह होतो. घेण्याआधी तो जोडणार कुठं ते बघा. दोन इनपुटच्या साध्या इंटरफेसमध्ये माइकचा प्रीअँप (आवाज वाढवणारा भाग) आणि कन्व्हर्टर (आवाजाचे आकडे करणारा भाग) एकाच डब्यात असतात, मधे कॉम्प्रेसर घुसवायला जागाच नसते. त्याला इन्सर्टची, म्हणजे मधे दुसरं यंत्र जोडायची, सोय असलेला मिक्सर लागतो. आणि एकदा जास्त दाबून रेकॉर्ड केलेला ड्रम परत उलगडता येत नाही. तेवढ्या पैशांत नवी कातडी, ट्यूनिंगची किल्ली आणि एक जास्तीचा माइक घ्या. सैल, खळगा पडलेल्या कातड्याचा आवाज कॉम्प्रेसर फक्त मोठा करतो.

पैसे कुठे घालावेत

चार माइकचा इंटरफेस हा ड्रमसाठी मधला चांगला मार्ग. बेहरिंगर यूएमसी४०४एचडीमध्ये चार प्रीअँप आहेत. दोनच इनपुट असतील तर एक किकला आणि एक ओव्हरहेड, एवढ्यावरही ऐकण्यासारखा ड्रम निघतो. स्नेअरला शुअर एसएम५७ उत्तम, तो परवडत नसेल तर गाण्यासाठी वापरता तो साधा डायनॅमिक माइकही चालतो.

चार माइक असतील तर ब्रिटिश इंजिनिअर ग्लिन जॉन्स यांच्या नावानं ओळखली जाणारी मांडणी करा. एक माइक स्नेअरच्या वर, दुसरा फ्लोअर टॉमच्या (जमिनीवर पायांवर उभ्या असलेल्या ड्रमच्या) बाजूनं स्नेअरकडे तोंड करून, तिसरा किकला, चौथा स्नेअरजवळ. पहिले दोन माइक स्नेअरच्या मध्यापासून बरोबर सारख्या अंतरावर हवेत. त्यासाठी सुतळी पुरते. तिचं एक टोक स्नेअरच्या मध्यावर कुणाला तरी बोटानं दाबून धरायला सांगा, दुसरं टोक पहिल्या माइकच्या जाळीला टेकवा, तिथं गाठ मारा. आता तीच सुतळी दुसऱ्या माइककडे वळवा आणि गाठ जाळीला टेकेपर्यंत स्टँड हलवा. आवाज एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, त्यामुळे वीतभर फरकानंही स्नेअरचं अंग पातळ होतं. सुतळीच्या या दोन मिनिटांत जे मिळतं ते पुढे कॉम्प्रेसरमध्ये तासभर शोधूनही मिळत नाही.

सॉफ्टवेअर म्हणून रीपर घ्या. ६० दिवस पूर्ण वापरून बघता येतं, नंतर वैयक्तिक वापराचा परवाना ६० डॉलरचा आहे. त्याच्यासोबत येणारा रीआकॉम्प दिसायला रुक्ष, पण आपल्याला लागतं ते सगळं त्यात आहे. आरएमएस साइझ शून्याजवळ ठेवलात तर तो फटक्याच्या टोकाकडे बघतो, वाढवलात तर सरासरीकडे. शिवाय त्यात डिटेक्टरसाठी हायपास, म्हणजे खालचे सूर कॉम्प्रेसरच्या नजरेआड ठेवणारी चाळणी आहे. तो १०० हर्ट्झच्या आसपास ठेवला की किकच्या धक्क्यानं सगळा ड्रमसेट खाली दबत नाही. हे बटण लोक बघतही नाहीत, ते वापराच.

ओव्हरहेडवर हात आखडता घ्या. स्वस्त कंडेन्सर माइक मुळात झांजांना तिखट करतात, त्यावर आखूड रिलीज लावला की प्रत्येक फटक्यानंतर झांज श्वास घेतल्यासारखी वर येते. २:१, अटॅक ३०, दोन डीबी दाब, एवढंच. कधी कधी काहीच लावू नये. सगळ्या ड्रमच्या एकत्रित ट्रॅकवरही तसंच: २:१, ३० चा अटॅक, दोन-तीन डीबी.

जाडी हवीच असेल तर समांतर पद्धत वापरा. मूळ ट्रॅक आहे तसा ठेवायचा, त्याची एक शाखा वेगळ्या ट्रॅकवर पाठवायची, तिला १०:१ नं १५-२० डीबी ठेचायचं आणि ती मूळ आवाजाच्या खाली हळूच मिसळायची. टोकं मूळ ट्रॅकमधून येतात, अंग ठेचलेल्यातून. घरच्या खोलीत त्या शाखेत फक्त किक आणि स्नेअरचे जवळचे माइक पाठवा. ओव्हरहेड पाठवलात तर ठेचली जाते ती खोली आणि झांजा.

ऑक्टापॅड वाजवणाऱ्यांना सरळ सांगतो: पॅडमधले बहुतेक आवाज आधीच दाबून, घडवून भरलेले असतात. त्यांवर पुन्हा कॉम्प्रेसर लावून काही मिळत नाही. बोटांच्या-काठीच्या जोराचा फरक नीट उतरतोय ना, ते पॅडच्या सेन्सिटिव्हिटीत बघा.

ढोलकीचं मात्र जपून. डाव्या बाजूचा घुमारा वर-खाली सरकतो तीच तिची जान, आणि रिलीज चुकला की ते सरकणं सपाट होतं. शक्य असेल तर दोन्ही तोंडांना वेगळे माइक लावा. टणत्काराच्या बाजूला १०-१५ चा अटॅक आणि ३ डीबी दाब, घुमाऱ्याच्या बाजूला २:१ आणि २०० च्या पुढचा रिलीज. एकच माइक असेल तर तो थोडा लांब ठेवून कॉम्प्रेसर न लावलेला बरा. कडक उन्हाळ्यात चामडं ताणून सूर चढतो, पावसाळ्यात उतरतो. प्रत्येक टेकच्या आधी सूर लावून घ्या.

मोठा आवाज म्हणजे चांगला आवाज?

जे मोठ्यानं वाजतं ते कानाला चांगलं वाटतं, एक-दोन डीबीचा फरकसुद्धा पुरतो. म्हणून कॉम्प्रेसर लावल्यावर मेक-अप गेन असा ठेवा की चालू आणि बंद दोन्ही वेळा आवाज सारखाच मोठा लागेल. मग डोळे मिटून कुणाला तरी बायपासचं बटण दाबायला सांगा. कधी चालू आहे, कधी बंद, हे ओळखता आलं पाहिजे, आणि चालू असलेला आवडला पाहिजे. यात बंद असलेलाच आवडला तर तो काढून टाका.

आपली गाणी ऐकली जातात ती फोनवर आणि हळदीच्या डीजेवर. फोनच्या स्पीकरमधून किकचा ६० हर्ट्झ येतच नाही. तिथं किक ऐकू जाते ती बीटर कातड्यावर लागतो त्या २ ते ४ किलोहर्ट्झच्या टकटकीमुळे, आणि ती टकटक लांब अटॅकनंच वाचते. डीजेवर बरोबर उलटं, तिथं खालचा घुमारा दहापट होतो आणि खोलीचा तो ५६ हर्ट्झ सगळ्यांना ऐकू जातो. दोन्हीकडे एकदा वाजवून बघितल्याशिवाय मिक्स झालं म्हणू नये.

आणि यूट्यूबसाठी सगळं ठेचून वर न्यायची घाई नको. यूट्यूब साधारण उणे १४ एलयूएफएसच्या (कानाला लागणाऱ्या सरासरी आवाजाचं माप) वरच्या गाण्यांचा आवाज स्वतःच खाली करतं, हलक्या गाण्यांचा वर करत नाही. उणे ८ पर्यंत ठेचलेलं गाणं तिथं ६ डीबीनं खाली येतं. फटक्यांची टोकं मात्र आपण ठेचताना गेली ती गेलीच. शेवटचा लिमिटर (ठरलेल्या पातळीच्या वर आवाज जाऊच न देणारा) उणे १ डीबीवर ठेवा, आणि मोठ्या फटक्याला तो दोन-तीन डीबींपेक्षा जास्त दाबत असेल तर मागे जाऊन स्नेअरचा फेडर (आवाज कमी-जास्त करायची पट्टी) खाली घ्या.